मालमोटारीचा सीमापार परवाना : अमेरिका-मेक्सिको सरहद्दीवरील नियम आणि वाद

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील लारेडो आणि मेक्सिकोतील न्युवो लारेडो ही दोन शहरे रिओ ग्रान्दे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली आहेत. या नदीवर २००० साली खुला झालेला 'वर्ल्ड ट्रेड' पूल केवळ मालमोटारींसाठी राखून ठेवण्यात आला आहे. अमेरिका-मेक्सिको सरहद्दीवर मालमोटारींची सर्वाधिक ये-जा येथेच होते. तथापि, या पुलावरून पलीकडे जाणारा माल सहसा एकाच गाडीने आपल्या मुक्कामी पोहोचत नाही. माँतेरेच्या कारखान्यातून निघालेला ट्रेलर एक मेक्सिकन गाडी न्युवो लारेडोपर्यंत ओढत आणते. तेथे तो दुसऱ्या गाडीला जोडला जातो. या दुसऱ्या गाडीचे काम पूल ओलांडून ट्रेलर लारेडोतील आवारात उभा करणे एवढेच असते. तेथून तिसरी, म्हणजे अमेरिकी कंपनीची गाडी तो ट्रेलर शिकागो किंवा डेट्रॉईटकडे घेऊन जाते.

दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवरच्या सरहद्दीपर्यंत एक गाडी, चार-पाच मैलांच्या पुलापारच्या फेरीसाठी दुसरी आणि पुढच्या हजारो किलोमीटरसाठी तिसरी, ही व्यवस्था प्रथमदर्शनी अनाकलनीय वाटते. उभय देशांमध्ये १ जानेवारी १९९४ पासून मुक्त व्यापाराचा करार लागू होता आणि १ जुलै २०२० पासून त्याची जागा नव्या कराराने घेतली आहे. २०२३ मध्ये तर मेक्सिको हा वस्तुव्यापारात अमेरिकेचा पहिल्या क्रमांकाचा भागीदार ठरला. असे असूनही मालाला जी मोकळीक मिळाली, ती माल वाहणाऱ्या गाडीला मिळण्यास दोन दशके लागली. मालमोटार कंपनीची सीमापार नोंदणी कशी होते, त्यासाठी कोणती कागदपत्रे, तपासण्या आणि विमे लागतात व एवढे करूनही बहुसंख्य कंपन्या पुलापलीकडच्या आवारातूनच का परततात, हे समजून घेण्यासाठी या वादाचा इतिहास आधी पाहावा लागतो.

बंदीचा इतिहास

अमेरिकेत पूर्वी परदेशी वाहतूकदारांना परवाना देण्याचा अधिकार आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे होता. १९८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने एका कायद्याद्वारे कॅनडा आणि मेक्सिकोच्या वाहतूकदारांना नवे परवाने देण्यास स्थगिती दिली. अमेरिकी गाड्यांना त्या देशांत समान वागणूक मिळत नाही, असे त्यामागचे कारण होते. कॅनडाशी त्याच वर्षी समझोता झाला आणि त्या देशापुरती स्थगिती उठली. मेक्सिकोच्या बाबतीत मात्र ती कायम राहिली. मेक्सिकन गाड्यांना केवळ सरहद्दीलगतच्या 'व्यापारी क्षेत्रा'त येण्याची मुभा होती. हे क्षेत्र साधारणपणे सीमेवरील शहरांपासून तीन ते पंचवीस मैलांपर्यंत पसरलेले असते.

उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारात, म्हणजे 'नाफ्टा'मध्ये, ही स्थगिती टप्प्याटप्प्याने उठवण्याचे वेळापत्रक ठरले होते. टेक्सास, न्यू मेक्सिको, अॅरिझोना आणि कॅलिफोर्निया या चार सीमावर्ती राज्यांत १८ डिसेंबर १९९५ पासून आणि संपूर्ण अमेरिकेत १ जानेवारी २००० पासून मेक्सिकन मालमोटारींना प्रवेश मिळावयाचा होता. परंतु पहिल्या मुदतीच्या दिवशीच क्लिंटन प्रशासनाने अंमलबजावणी पुढे ढकलली. मेक्सिकन गाड्यांची सुरक्षितता पुरेशी नाही, हे कारण देण्यात आले. त्यामागे अमेरिकेतील मालमोटार चालकांची बलाढ्य संघटना 'टीमस्टर्स' हिचा तीव्र विरोध होता, हेही उघड होते.

मेक्सिकोने हा प्रश्न करारातील लवादाकडे नेला. ६ फेब्रुवारी २००१ रोजी लवादाने एकमताने अमेरिकेच्या विरोधात निर्णय दिला. सर्वच मेक्सिकन कंपन्यांचे अर्ज सरसकट बाजूला ठेवणे हा करारभंग आहे, असे लवादाने म्हटले. त्याच वेळी, सुरक्षिततेसाठी प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे तपासण्याचा व प्रसंगी मेक्सिकन कंपन्यांना वेगळ्या अटी लावण्याचा अमेरिकेचा अधिकारही त्याने मान्य केला. पुढची सारी नियमावली या दुसऱ्या वाक्यातून उभी राहिली आहे. २००१ अखेरीस अमेरिकी काँग्रेसने वाहतूक खात्याच्या विनियोजन कायद्यात 'कलम ३५०' घातले आणि मेक्सिकन गाड्यांना प्रवेश देण्यापूर्वी कोणकोणत्या तपासण्या झाल्या पाहिजेत, हे तपशीलवार ठरवून दिले.

नोव्हेंबर २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी स्थगिती उठवली. त्यापूर्वीच ग्राहक, पर्यावरणवादी आणि कामगार संघटना न्यायालयात गेल्या होत्या. जुन्या डिझेल गाड्यांच्या धुराचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, याचा सविस्तर अभ्यास सरकारने केलेला नाही, असा त्यांचा मुद्दा होता. ७ जून २००४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. गाड्यांना आत येऊ द्यायचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार नियामक यंत्रणेला नाही, तो राष्ट्राध्यक्षांचा आहे. त्यामुळे त्या प्रवेशाच्या परिणामांचा अभ्यास करण्याचे बंधन यंत्रणेवर येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

प्रयोग, जकात आणि पुन्हा प्रयोग

सप्टेंबर २००७ मध्ये मर्यादित संख्येच्या मेक्सिकन कंपन्यांसाठी प्रायोगिक योजना सुरू झाली. मार्च २००९ मध्ये काँग्रेसने तिचा निधीच बंद केला. लवादाचा निर्णय हाती असलेल्या मेक्सिकोने लगेच प्रत्युत्तर दिले. अमेरिकेतून येणाऱ्या सुमारे ९० वस्तूंवर त्याने वाढीव जकात बसवली. त्यांचा वार्षिक व्यापार सुमारे २४० कोटी डॉलरचा होता. द्राक्षे, नासपती, गोठवलेले बटाटे, नाताळची झाडे अशा वस्तू त्या यादीत होत्या. पुढे ऑगस्ट २०१० मध्ये यादी बदलून तीत डुकराचे मांस, चीज, सफरचंदे यांची भर घालण्यात आली. मालमोटार चालकांच्या वादाची किंमत अशा रीतीने वॉशिंग्टन राज्यातील सफरचंद उत्पादकाला आणि कॅलिफोर्नियातील द्राक्ष बागायतदाराला मोजावी लागली.

जुलै २०११ मध्ये उभय देशांनी सामंजस्य करारावर सह्या केल्या. मेक्सिकोने निम्मी जकात तत्काळ उठवली आणि उरलेली ऑक्टोबरमध्ये. त्याच महिन्यात पहिली गाडी नव्या योजनेखाली लारेडोहून टेक्सासमध्ये शिरली. तीन वर्षे चाललेल्या या योजनेत जेमतेम पंधरा कंपन्या सहभागी झाल्या. त्यांनी २८ हजारांहून अधिक वेळा सीमा ओलांडली. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने जाहीर केले की, यापुढे कोणतीही पात्र मेक्सिकन कंपनी दूरपल्ल्याच्या परवान्यासाठी अर्ज करू शकते. कराराप्रमाणे जे १९९५ मध्ये सुरू व्हावयाचे होते, ते असे वीस वर्षांनी सुरू झाले.

दोन प्रकारचे परवाने

परवाने देण्याचे काम आता 'फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी अॅडमिनिस्ट्रेशन' ही यंत्रणा करते. १ जानेवारी २००० रोजी अमेरिकेच्या वाहतूक खात्यात स्थापन झालेल्या या यंत्रणेचा निर्देश 'एफएमसीएसए' असा केला जातो. मेक्सिकन कंपनीसमोर पहिलाच प्रश्न असतो तो व्याप्तीचा. गाडी कोठपर्यंत न्यावयाची आहे?

माल केवळ सरहद्दीलगतच्या व्यापारी क्षेत्रात उतरवायचा असेल तर 'ओपी-२' हा अर्ज भरावा लागतो. त्यावर नोंदणी प्रमाणपत्र मिळते. पूल ओलांडून लारेडोच्या आवारापर्यंत ट्रेलर नेणाऱ्या कंपन्या याच वर्गात मोडतात. व्यापारी क्षेत्रापलीकडे, म्हणजे सॅन अँटोनियो, डलास, शिकागो अशा ठिकाणी थेट जावयाचे असेल तर 'ओपी-१ (एमएक्स)' हा अर्ज करावा लागतो. तो अधिक लांबलचक आहे आणि त्यानंतरची तपासणीही कडक आहे.

दोन्ही अर्जदारांना 'यूएसडॉट क्रमांक' घ्यावा लागतो. हा क्रमांक म्हणजे कंपनीची सुरक्षाविषयक ओळख. रस्त्यावरील प्रत्येक तपासणी, प्रत्येक अपघात आणि प्रत्येक नियमभंग या क्रमांकाच्या खात्यावर नोंदला जातो. कंपनीचे नाव आणि हा क्रमांक गाडीच्या दोन्ही बाजूंना, पन्नास फुटांवरून वाचता येईल अशा अक्षरांत लिहिणे बंधनकारक आहे. क्रमांक मिळाला म्हणजे परवाना मिळाला, अशी समजूत अनेक नवख्या वाहतूकदारांची असते. ती चुकीची आहे. क्रमांक ही ओळख आहे, तर भाड्याने माल वाहण्याचा अधिकार ही स्वतंत्र बाब आहे. कंपनीची माहिती दर दोन वर्षांनी अद्ययावत केली नाही तर हा क्रमांक निष्क्रियही होतो.

अर्जासोबत काय लागते

प्रत्येक प्रकारच्या अधिकारासाठी ३०० डॉलर शुल्क आकारले जाते आणि अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. अर्जात कंपनीचे मालक, भागीदार, अमेरिकेतील अन्य वाहतूक कंपन्यांशी असलेले संबंध, गाड्यांची व चालकांची संख्या ही माहिती द्यावी लागते. मेक्सिकोच्या दळणवळण मंत्रालयाची मालवाहतुकीची परवानगी आणि चालकांकडे मेक्सिकोचा संघीय चालक परवाना असणे आवश्यक असते. १९९१ मधील समझोत्यान्वये हा संघीय परवाना अमेरिकेच्या व्यावसायिक परवान्याच्या बरोबरीचा मानला जातो. राज्य सरकारांनी दिलेला मेक्सिकन परवाना मात्र चालत नाही.

याशिवाय 'बीओसी-३' नावाचा एक नमुना दाखल करावा लागतो. त्यात कंपनीला ज्या राज्यांतून गाड्या न्यावयाच्या आहेत, त्या प्रत्येक राज्यात न्यायालयीन समन्स स्वीकारणारा प्रतिनिधी नेमल्याचे कळवायचे असते. अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीला परदेशी कंपनीवर दावा लावण्यासाठी मेक्सिकोत जावे लागू नये, हा त्यामागचा हेतू आहे. कागद छोटा असला तरी परदेशी कंपनीला अमेरिकी न्यायालयाच्या कक्षेत आणणारा तोच आहे.

तपासणी परवान्याआधीच

अमेरिकी किंवा कॅनडाची नवी कंपनी परवाना मिळाल्यावर काही महिन्यांनी तपासली जाते. व्यापारी क्षेत्रापलीकडे जाणाऱ्या मेक्सिकन कंपनीची तपासणी मात्र परवाना देण्यापूर्वी होते. कलम ३५० ची ही सर्वांत ठळक खूण म्हणता येईल. अधिकारी कंपनीच्या कचेरीत किंवा ठरलेल्या ठिकाणी बसून पाच गोष्टी प्रामुख्याने पाहतात. चालकांच्या मद्य व अमली पदार्थ चाचणीची व्यवस्था, कामाच्या तासांच्या नोंदी, चालकांचे परवाने, गाड्यांच्या देखभालीच्या नोंदी आणि विमा या त्या गोष्टी होत. चाचणीचे नमुने अमेरिकेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतच तपासून घ्यावे लागतात. ज्या गाड्या अमेरिकेत येणार आहेत, त्यांचीही पाहणी होते. यांपैकी एखादी मूलभूत व्यवस्था कंपनीकडे नसली तर अर्ज तेथेच थांबतो.

तपासणी उत्तीर्ण झाल्यावर अर्जाची माहिती यंत्रणेच्या नोंदपत्रात प्रसिद्ध होते आणि हरकती घेण्यास दहा दिवस दिले जातात. त्यानंतर विम्याची कागदपत्रे दाखल झाली की तात्पुरता परवाना मिळतो. पुढचे किमान अठरा महिने कंपनी देखरेखीखाली असते. या काळात प्रत्येक गाडीची दर ९० दिवसांनी मान्यताप्राप्त निरीक्षकाकडून संपूर्ण तपासणी करून काचेवर तसा शिक्का चिकटवून घ्यावा लागतो. परवाना कायम झाल्यानंतरही तीन वर्षे हा नियम लागू राहतो. शिक्का नसलेली गाडी सरहद्दीवरच बाजूला घेतली जाते. ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग आणि ट्रेलरची जोडणी यांत गंभीर दोष आढळला तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी जागची हलवता येत नाही.

विम्याचा भार

लहान कंपन्यांचे गणित बहुधा येथे बिघडते. दहा हजार पौंडांहून अधिक वजनाच्या गाडीतून साधा माल भाड्याने वाहणाऱ्या कंपनीकडे किमान साडेसात लाख डॉलरचे दायित्व विमाछत्र असावे लागते. तेलासारख्या मालाला ही मर्यादा दहा लाख डॉलर आहे, तर अत्यंत धोकादायक रसायनांना पन्नास लाख डॉलर. ही किमान रक्कम १९८० च्या दशकापासून बदललेली नाही. गंभीर अपघातातील नुकसानभरपाई त्याहून कितीतरी अधिक होत असल्याने माल पाठवणाऱ्या मोठ्या कंपन्या सहसा दहा लाख डॉलरच्या विम्याचा आग्रह धरतात.

मेक्सिकोतील विमा अमेरिकेत ग्राह्य धरला जात नाही. अमेरिकेत परवाना असलेल्या विमा कंपनीने तसे प्रमाणपत्र यंत्रणेकडे थेट दाखल करणे आवश्यक असते. व्यापारी क्षेत्रापुरती वाहतूक करणाऱ्याला प्रत्येक खेपेपुरता, चोवीस तासांचा विमा घेण्याची सवलत आहे. दूरपल्ल्याच्या कंपनीला मात्र अखंड विमा ठेवावा लागतो. नव्या, अमेरिकेत पूर्वइतिहास नसलेल्या कंपनीकडून विमा कंपन्या भरघोस हप्ता मागतात, हे ओघानेच आले. विमा खंडित झाला की परवानाही निलंबित होतो.

सीमाशुल्क खात्याचा दरवाजा

वाहतूक खात्याने दिलेला परवाना हा रस्त्यावर गाडी चालवण्याचा. देशाचे दार उघडते ते सीमाशुल्क व सीमासुरक्षा खाते. २००३ मध्ये हे खाते नव्याने स्थापन झालेल्या अंतर्गत सुरक्षा मंत्रालयाच्या अखत्यारीत आले आणि कागदोपत्री चालणारी पद्धत संगणकावर गेली. त्यासाठी कंपनीला आधी इंग्रजी अक्षरांचा एक सांकेतिक निर्देशांक मिळवावा लागतो. तो अमेरिकेतील मालवाहतूकदारांची राष्ट्रीय संघटना देते. या निर्देशांकाखाली गाडीतील मालाची, गाडीची आणि चालकाची माहिती गाडी सरहद्दीवर पोहोचण्याच्या किमान एक तास आधी संगणकाद्वारे पाठवणे सक्तीचे आहे. विश्वासार्ह वाहतूकदार म्हणून नोंदलेल्यांना अर्ध्या तासाची सवलत मिळते.

ही विश्वासार्हता दोन योजनांतून सिद्ध होते. सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर, त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालेल्या 'सी-टीपॅट' योजनेत कंपनी आपले गोदाम, कुलपे, सील आणि कर्मचारी यांच्या सुरक्षेची जबाबदारी घेते. 'फास्ट' योजनेत चालकाची पार्श्वभूमी तपासून त्याला ओळखपत्र दिले जाते. कारखाना, आयातदार, वाहतूकदार आणि चालक असे सारेच नोंदलेले असतील तरच गाडीला वेगळी, जलद रांग मिळते. साखळीतील एक दुवा कच्चा असला तरी गाडी सर्वसाधारण रांगेत उभी राहते. रांगेत गेलेले तास म्हणजे डिझेल, चालकाचा पगार आणि नाशवंत मालाचे नुकसान असल्याने या योजनांना व्यवहारात मोठे महत्त्व आहे.

राज्याराज्यांचे कर

संघीय परवाना मिळाला तरी राज्यांची देणी वेगळी असतात. अमेरिकेतील सलग ४८ राज्ये आणि कॅनडाचे दहा प्रांत यांनी इंधनकराचा एक सामाईक करार केला आहे. वाहतूकदार आपल्या मूळ राज्यात दर तिमाहीस एकच विवरणपत्र भरतो. कोणत्या राज्यात किती मैल गाडी धावली, त्या प्रमाणात कराची वाटणी होते. वाहन नोंदणी शुल्काचीही अशीच सामाईक व्यवस्था आहे. मेक्सिकोची राज्ये या करारात नाहीत. त्यामुळे मेक्सिकन कंपनीला एखादे अमेरिकी राज्य आधार म्हणून निवडावे लागते किंवा प्रत्येक खेपेपुरते परवाने घ्यावे लागतात.

पंचावन्न हजार पौंड व त्याहून अधिक वजनाच्या गाडीवर संघीय वाहनकर आहे. गाड्यांच्या संख्येनुसार आकारले जाणारे वार्षिक एकत्रित नोंदणी शुल्कही परदेशी वाहतूकदारांना चुकत नाही. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर गाडी व माल मिळून ८० हजार पौंडांची, म्हणजे सुमारे ३६ टनांची मर्यादा आहे. मेक्सिको आणि कॅनडात याहून जड गाड्यांना परवानगी असल्याने तेथे नियमाप्रमाणे भरलेली गाडी पूल ओलांडताच नियमबाह्य ठरू शकते. माल भरतानाच हा हिशेब करावा लागतो.

परतीचा माल आणि चालक

परवान्याची सर्वांत कडक मर्यादा परतीच्या प्रवासात जाणवते. मेक्सिकन गाडी माँतेरेहून शिकागोला माल नेऊ शकते आणि शिकागोहून मेक्सिकोसाठी माल घेऊन परतू शकते. मात्र शिकागोत माल भरून तो डलासला उतरवता येत नाही. देशांतर्गत वाहतूक परदेशी गाडीला आणि परदेशी चालकाला निषिद्ध आहे. साहजिकच, शिकागोत मेक्सिकोसाठीचा माल मिळाला नाही तर दोन हजारांहून अधिक किलोमीटर गाडी रिकामी न्यावी लागते. रिकाम्या गाडीला डिझेल आणि टोल लागतोच, भाडे मात्र मिळत नाही.

चालकांसाठी कामाच्या तासांचे अमेरिकी नियम लागू होतात. सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर चौदा तासांच्या अवधीत जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते. डिसेंबर २०१७ पासून या नोंदी वहीऐवजी इंजिनाला जोडलेल्या यंत्रात ठेवणे बहुतेकांना सक्तीचे झाले. चालकाला रस्त्यावरील पाट्या वाचण्याइतपत व अधिकाऱ्यांशी बोलण्याइतपत इंग्रजी आले पाहिजे, हा नियम फार जुना आहे. पूर्वी त्याच्या भंगाबद्दल केवळ नोंद होत असे. एप्रिल २०२५ मध्ये निघालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर, २५ जून २०२५ पासून इंग्रजी न येणाऱ्या चालकाला रस्त्यातच गाडी चालवण्यास मनाई करण्यास सुरुवात झाली. कंपनीचे सर्व कागद निर्दोष असले तरी चालकाच्या भाषेवर खेप अडू शकते, असा याचा अर्थ होतो.

कॅनडाची वेगळी वाट

याच्या तुलनेत कॅनडाच्या कंपनीचा मार्ग सरळ आहे. तिला अमेरिकी कंपन्यांसाठीचाच अर्ज भरावा लागतो, परवान्यापूर्वीची तपासणी नसते आणि ९० दिवसांच्या शिक्क्याचा नियम लागू होत नाही. उभय देशांचे व्यावसायिक चालक परवाने परस्परांना मान्य आहेत. कॅनडातील प्रांत आपल्या वाहतूकदारांना राष्ट्रीय सुरक्षा संहितेखाली प्रमाणपत्र देतात आणि त्या नोंदींवर अमेरिकेचा विश्वास आहे. विमा, समन्स स्वीकारणारा प्रतिनिधी, आगाऊ मालसूची आणि देशांतर्गत वाहतुकीला मनाई हे नियम मात्र कॅनडालाही तसेच लागू आहेत. एकाच कराराचे दोन भागीदार, पण एकाच्या कागदावर विश्वास आणि दुसऱ्याच्या कागदाची पुन्हा तपासणी, हा भेद मेक्सिकोच्या वाहतूकदारांना सतत खुपत आला आहे. तपासणीची यंत्रणा दोन्ही देशांत सारखी विकसित नव्हती, हे अमेरिकेचे त्यावरील उत्तर आहे.

दार उघडले, तरी गर्दी नाही

२०१५ नंतर दूरपल्ल्याचा परवाना घेणे शक्य झाले, तरी तीन गाड्यांची जुनी साखळी टिकून राहिली. त्यामागे कागदपत्रांइतकीच व्यवहाराचीही कारणे आहेत. सीमाशुल्क दलालांची कामे, ट्रेलरची तपासणी आणि गर्दीच्या वेळेची रांग यांत पुलावर कित्येक तास जातात. नवी, महागडी, लांबच्या पल्ल्याची गाडी त्या रांगेत उभी ठेवण्यापेक्षा जुनी गाडी फेऱ्यांसाठी वापरणे स्वस्त पडते. मोठ्या मेक्सिकन कंपन्यांनी अमेरिकी कंपन्यांशी भागीदारी करून ट्रेलरची अदलाबदल केव्हाच सुरू केली होती. त्यांना स्वतः शिकागोपर्यंत जाण्याची निकड नव्हती. परतीच्या मालाची अनिश्चितता आणि विम्याचा हप्ता यांनी लहान कंपन्यांचा उत्साह आधीच कमी केला होता.

दुसरीकडे, स्वस्त मजुरीच्या मेक्सिकन चालकांमुळे आपला रोजगार जाईल, ही अमेरिकी चालकांची भीतीही मावळलेली नाही. २०२० च्या नव्या करारासोबत झालेल्या अमेरिकी कायद्यात तिची दखल घेण्यात आली. मेक्सिकन दूरपल्ल्याच्या वाहतुकीमुळे अमेरिकी कंपन्यांचे वा चालकांचे लक्षणीय नुकसान होत असल्याचे चौकशीत आढळले तर नवे परवाने रोखण्याची आणि असलेल्यांवर मर्यादा घालण्याची तरतूद त्यात आहे. त्यामुळे गाड्या, विमा आणि प्रशिक्षणावर पैसा गुंतवणाऱ्या मेक्सिकन मालकाला परवान्याच्या भवितव्याचीही जोखीम पत्करावी लागते.

भारताच्या सरहद्दीवर

या साऱ्या नियमावलीकडे भारतीय वाचकाने परका विषय म्हणून पाहण्याचे कारण नाही. पश्चिम बंगालमधील पेट्रापोल येथून बांगलादेशात जाणारी भारतीय मालमोटार पलीकडच्या बेनापोलच्या आवारात माल उतरवते आणि परतते. पुढची वाहतूक बांगलादेशी गाड्या करतात. लारेडोच्या पुलावरचे चित्र येथेही दिसते. नाशिक जिल्ह्यातील कांदा याच मार्गांनी बांगलादेशात जात आला आहे. सप्टेंबर २०२० मध्ये निर्यातबंदी अचानक जाहीर झाली तेव्हा कांद्याच्या गाड्या सरहद्दीवर दिवसेंदिवस अडकून पडल्या होत्या.

बांगलादेश, भूतान, भारत व नेपाळ यांनी १५ जून २०१५ रोजी थिम्पू येथे मोटार वाहन करारावर सह्या केल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलकात्याहून ढाक्यामार्गे आगरताळ्यापर्यंत चाचणी म्हणून एक मालमोटार नेण्यातही आली. परंतु आपल्या लहानशा देशात बाहेरच्या गाड्यांची गर्दी होईल आणि स्थानिक वाहतूकदारांचा धंदा जाईल, या भीतीने भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने करारास मान्यता नाकारली. टीमस्टर्स संघटनेचा युक्तिवाद याहून फारसा निराळा नव्हता. २०१७ मध्ये भारत 'टीआयआर' या आंतरराष्ट्रीय करारातही सामील झाला. सीलबंद गाडी एकाच हमीपत्रावर अनेक देशांच्या सीमाशुल्क नाक्यांवरून पुढे जाऊ शकते, ही त्या कराराची मूळ कल्पना आहे. मात्र टीआयआर मालावरील शुल्काचा प्रश्न सोडवतो. गाडीचा परवाना, चालकाचा परवाना आणि अपघाताची भरपाई हे प्रश्न दोन सरकारांनाच ठरवावे लागतात.

सीमापार वाहतुकीचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्याने म्हणूनच मालाच्या दरापूर्वी काही गोष्टी तपासून पाहणे हिताचे ठरते. आपला परवाना सरहद्दीपासून किती अंतरापर्यंत चालतो, आपला विमा पलीकडे ग्राह्य आहे काय, चालकाचा परवाना मान्य आहे काय, आणि परतीला माल घेण्याची मुभा आहे काय, ही ती यादी. माँतेरेचा मालक असो वा बनगावचा, या चार प्रश्नांची उत्तरे हाती आल्यावरच गाडी पुलापर्यंत न्यायची की पुलापलीकडे, याचा निर्णय त्याला करता येतो.